वाणाची परीक्षा बिनफवारणीच्या वावरात

बटाट्याचा नवा वाण प्रसारित झाला की त्याच्या माहितीपत्रकात हेक्टरी उत्पादनाचा आकडा बहुतेक वेळा सर्वांत वर असतो आणि रोगांविषयीचा मजकूर ‘उशिरा येणाऱ्या करप्यास मध्यम प्रतिकारक’ अशा एखाद्या ओळीत उरकलेला असतो. वरचा आकडा किती फवारण्या करून मिळाला आणि त्या फवारण्या झाल्या नसत्या तर किती मिळाला असता, हे त्या कागदावरून शेतकऱ्याला कळत नाही. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या वाणनिर्मितीत रोगप्रतिकार आणि उत्पादन या दोन वेगवेगळ्या रकाने भरण्याच्या गोष्टी मानणे बंद करावे, आणि फवारणीशिवाय किंवा अगदी मोजक्या फवारण्यांवर रोगाच्या वर्षी पदरात पडणारे उत्पादन हाच वाण निवडण्याचा मुख्य निकष करावा, असे माझे मत आहे. हे मत भाबडेपणातून आलेले नाही. गेल्या शंभर वर्षांतील बटाटा पैदाशीचा इतिहासच त्याकडे नेतो.

उशिरा येणारा करपा ज्या फायटोफ्थोरा इन्फेस्टन्समुळे होतो तो दिसायला बुरशीसारखा असला तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने बुरशीपेक्षा शेवाळांच्या काही गटांना अधिक जवळचा आहे. ढगाळ, थंड आणि ओली हवा सलग काही दिवस टिकली की हिरवेगार दिसणारे वावर आठवड्या-पंधरवड्यात काळे पडते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. तेथील गरिबांचे पोट ज्या ‘लम्पर’ या एकाच वाणावर अवलंबून होते, त्याच्यात या रोगापुढे टिकण्याची ताकदच नव्हती. त्या दुष्काळाला राज्यकर्त्यांचे धोरणही तितकेच जबाबदार होते, पण तो वेगळा विषय आहे. पैदासकारांनी विसाव्या शतकात या रोगाचे उत्तर मेक्सिकोतील सोलॅनम डेमिसम या जंगली बटाट्यात शोधले. त्यातून अकरा प्रतिकारक जनुके ओळखली गेली आणि त्यांतील काही एकेक करून लागवडीच्या वाणांत उतरवण्यात आली. सुरुवातीला अशा वाणांवर रोगाचा डागही पडत नसे. काही वर्षे गेली की त्या जनुकाची ओळख चुकवणारी रोगजंतूची नवी जात तयार होई आणि वाण पुन्हा पूर्वीसारखाच बळी पडे. असे का होते हे २००९ मध्ये या रोगजंतूचा जनुकसंच वाचला गेल्यावर अधिक स्पष्ट झाले. वनस्पतीच्या पेशीत शिरून तिची संरक्षणव्यवस्था निकामी करणारी शेकडो प्रथिने त्याच्याजवळ आहेत आणि त्यांची जनुके जनुकसंचाच्या अशा भागांत आहेत, जेथे बदल फार वेगाने होतात. वनस्पतीचे प्रतिकारक जनुक यांपैकी एखादेच प्रथिन ओळखून सावध होते. ते प्रथिन बदलले किंवा गळाले की पहारा उठला.

येथे ‘व्हर्टिफोलिया’ या जर्मन वाणाची हकिकत महत्त्वाची ठरते. या वाणात दोन प्रबळ प्रतिकारक जनुके होती, त्यामुळे तो निवडला जात असताना त्याच्यावर करपा आलाच नाही. पुढे त्या दोन्ही जनुकांना पुरून उरणारी रोगाची जात आली, तेव्हा हा वाण जुन्या, प्रतिकारक म्हणून न ओळखल्या जाणाऱ्या वाणांपेक्षाही वाईट रीतीने कोसळला. वनस्पतिरोगतज्ज्ञ व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ मध्ये याचे कारण मांडले. प्रत्येक वाणात एखाद्या प्रबळ जनुकाखेरीज अनेक लहानलहान जनुकांच्या एकत्रित परिणामातून येणारा एक पार्श्वभूमीचा प्रतिकार असतो. तो रोग थांबवत नाही, त्याची गती मंदावतो. डाग लहान राहतात, बीजाणू कमी तयार होतात, पाने उशिरा जळतात. हा प्रतिकार पैदासकाराला दिसण्यासाठी वावरात रोग असावा लागतो. प्रबळ जनुकाने रोगच रोखून धरला तर कोणत्या रोपात हा मंद प्रतिकार आहे आणि कोणत्यात नाही हे कळण्याचा मार्ग उरत नाही, निवड फक्त उत्पादनावर होते आणि पिढ्यांगणिक पार्श्वभूमीचा प्रतिकार नकळत झिजत जातो.

यातून निघणारा पुढचा निष्कर्ष माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. प्रबळ जनुक जे करते तेच बुरशीनाशकही करते. पूर्ण फवारणीच्या संरक्षणाखाली वर्षानुवर्षे निवड केली, तर पैदासकाराच्या हाताखालून प्रतिकार निसटत जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण चाचणीच्या वावरात सर्वच वाण हिरवे दिसतात. अशा वावरात जिंकणारा वाण हा वस्तुतः फवारणीसह विकला जाणारा वाण असतो. फवारणीचा खर्च मात्र पैदास संस्थेच्या हिशेबात कोठेही धरला जात नाही, तो पुढे प्रत्येक शेतकरी आपल्या खिशातून दरवर्षी भरत राहतो. नेदरलँड्ससारख्या शास्त्रशुद्ध शेतीच्या देशातही एका हंगामात दहा-पंधरा फवारण्या होतात आणि त्या देशात वापरल्या जाणाऱ्या बुरशीनाशकांचा फार मोठा वाटा एकट्या बटाट्यावर खर्च होतो.

औषधही कायमचे चालत नाही, हे आपल्याकडेही दिसले आहे. युरोपात २००४ मध्ये प्रथम आढळलेली ‘१३ ए-२’ नावाची या रोगजंतूची आक्रमक वंशावळ दक्षिण भारतात २०१० च्या आसपास टोमॅटो आणि बटाट्यावर दिसू लागली. मेटॅलॅक्झिल या वर्षानुवर्षे भरवशाच्या मानल्या गेलेल्या औषधाला ती दाद देत नाही. ज्या शेतकऱ्याचे सारे संरक्षण दुकानातील बाटलीवर होते त्याचा त्या वर्षी दुहेरी तोटा झाला, कारण औषधाचे पैसेही गेले आणि पीकही गेले.

आता विरुद्ध बाजूच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे वळतो. प्रतिकार आणि उत्पादन यांत खरोखरच एक ओढाताण आहे. बटाट्याच्या पाचव्या गुणसूत्रावर पीक लवकर पोसणार की उशिरा हे ठरवणारा एक भाग आहे आणि करप्याला होणारा मंद प्रतिकार बऱ्याच अंशी त्याच भागाशी जोडलेला आढळतो. उशिरा तयार होणारे झाड अधिक काळ जोमदार राहते आणि रोगाला तोंड देते, तर लवकर पोसणारे झाड लवकर थकते आणि लवकर जळते. उत्तर भारताच्या मैदानात दोन पिकांच्या मध्ये बटाट्याला नव्वद-शंभर दिवसच मिळतात, तेथे उशिराचा वाण प्रतिकारक असूनही निरुपयोगी ठरतो. हंगेरीतील सार्वारी कुटुंबाच्या पैदासकामातून आलेला ‘सार्पो मीरा’ हा करप्याला विलक्षण टिकणारा वाण आहे, पण तो उशिराचा आणि शिजवल्यावर पिठूळ होणारा असल्याने ब्रिटनमध्ये परसबागेपलीकडे त्याला फारशी बाजारपेठ मिळाली नाही. हा मुद्दा मी नाकारत नाही. पण अडचण आहे म्हणून प्रयत्न सोडावा असे यातून निघत नाही. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आणि चीनच्या युन्नान प्रांतातील शास्त्रज्ञ यांच्या सहकार्यातून आलेला ‘को-ऑपरेशन ८८’ हा वाण करप्यालाही टिकला, उत्पादनालाही चांगला निघाला आणि नैऋत्य चीनमध्ये शेतकऱ्यांनी तो मोठ्या क्षेत्रावर आपणहून नेला. ज्या प्रदेशासाठी वाण हवा त्या प्रदेशाच्या दिवसाच्या लांबीत आणि त्याच रोगाच्या दाबाखाली निवड केली की ही ओढाताण बरीच सैल होते.

रोगाच्या वावरात निवड करण्याची परंपरा जुनी आहे. मेक्सिकोतील तोलुका खोऱ्यात पावसाळा आला की करपा न बोलावता येतो, म्हणून वनस्पतिरोगतज्ज्ञ जॉन नीडरहाउझर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर जगभरातील बटाटे तेथे आणून उघड्यावर रोगाच्या हवाली केले आणि जे टिकले त्यांवर पुढचे काम उभे केले. १९९० चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. भारतातही केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे संकराचे काम हिमाचलातील कुफरीला होते, आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे. मैदानातील हिवाळ्याच्या लहान दिवसांत बटाट्याला नीट फुले येत नाहीत, तर कुफरीच्या उंचीवर उन्हाळ्याच्या लांब दिवसांत ती येतात. त्याच डोंगरात पावसाळ्यात करपा हमखास येत असल्याने रोपांची पहिली चाळणी आपोआप होते. १९६८ चा ‘कुफरी ज्योती’ याच कामातून आला. त्याचा करप्याचा प्रतिकार पुढे ओसरला, तरी तो डोंगर, मैदान आणि पठार अशा तिन्ही ठिकाणी दीर्घकाळ टिकून राहिला, कारण त्याचे बेणे लवकर खराब होत नाही. अलीकडच्या ‘कुफरी हिमालिनी’ आणि ‘कुफरी गिरधारी’ यांचा करप्याचा प्रतिकार चांगला आहे, परंतु ते मुख्यतः डोंगराळ प्रदेशासाठी आहेत.

आणि येथेच महाराष्ट्राचा प्रश्न उभा राहतो. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि खेड तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, बटाटा खरिपात लावला जातो. जून-जुलैत मृगाच्या पावसावर लागवड आणि सप्टेंबरच्या सुमारास काढणी, म्हणजे देशातील बहुतांश बटाट्याच्या नेमका उलटा हंगाम. बेणे पंजाबातून येते, शीतगृहात उन्हाळा काढते आणि मंचर किंवा राजगुरुनगरच्या बाजारातून पठारावर चढते. तेथे शेतकरी हेक्टरी टनांचा हिशेब क्वचितच सांगतो. बेण्याच्या एका कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, किती कट्टे निघाले, हीच त्याची मोजणी असते, आणि बेण्यावर उत्पादन खर्चाचा फार मोठा भाग जात असल्याने ही मोजणी टनांच्या हिशेबापेक्षा अधिक शहाणपणाचीही आहे. पीक वाढीला लागते तेव्हाच आभाळ भरलेले असते, पाऊस थांबत नाही, फवारणी केली तर धुऊन जाते आणि वाफशाअभावी पंप पाठीवर घेऊन वावरात उतरणेही कठीण होते. म्हणजे देशात जेथे झाडाच्या अंगच्या प्रतिकाराची सर्वाधिक गरज आहे, तेथे येणारे वाण मात्र पंजाब-उत्तर प्रदेशातील कोरड्या हिवाळ्याच्या आणि वेफर्सच्या कारखान्याच्या गरजेप्रमाणे निवडलेले असतात.

याला अपवाद झाला होता. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे एक केंद्र पूर्वी राजगुरुनगरला होते, आणि १९७२ चा ‘कुफरी लवकर’ हा वाण पठारी प्रदेशातील उष्ण हवामान आणि छोटा हंगाम लक्षात घेऊन दिला गेला होता. आज संस्थेच्या प्रादेशिक केंद्रांमध्ये महाराष्ट्रातील एकही नाही. अखिल भारतीय समन्वित बटाटा संशोधन प्रकल्पाखाली पुण्यात चाचण्या होतात, पण तयार वाण येथे लावून पाहणे आणि सुरुवातीच्या पिढ्यांतील हजारो रोपे येथल्या पावसात उभी करून त्यांतून निवडणे, या दोन गोष्टींत फरक आहे. बटाट्याच्या बाबतीत तर हा फरक फारच मोठा आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे चार संच असतात, त्यामुळे एकाच संकराच्या फळातील प्रत्येक बी वेगळे झाड देते, आणि हजारो रोपांतून दहा-बारा वर्षे चाळत एखादा वाण हाती लागतो. पठाराला उपयोगी पडले असते असे रोप कुफरीला किंवा संस्थेच्या उत्तर प्रदेशातील मोदीपुरम केंद्रावर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फेकले गेले असेल, तर शेवटच्या चाचणीत ते येथे पोचणारच नाही.

प्रतिकाराची पैदास सर्व रोगांवर उपाय आहे असा माझा दावा नाही. पठारावरील शेतकऱ्याला करप्याइतकीच धास्ती बांगडी रोगाची असते. या जिवाणूजन्य रोगात झाड हिरवे असतानाच मान टाकते आणि बटाटा कापला की आत तपकिरी कडे दिसते. पुणे जिल्ह्यातून या रोगाची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाली होती. दक्षिण अमेरिकेतील सोलॅनम फुरेजा या बटाट्यातून या रोगाचा प्रतिकार आणण्याचे प्रयत्न झाले, पण तो प्रतिकार थंड हवेत टिकतो आणि जमीन तापली की ढासळतो. बांगडीसाठी आज तरी निरोगी बेणे, न कापता लावलेले कंद आणि तृणधान्यांचा फेरपालट यांशिवाय दुसरा विश्वासार्ह मार्ग नाही. विषाणूंची गोष्ट वेगळी आहे. बटाट्याच्या ‘वाय’ नावाच्या विषाणूला जवळजवळ पूर्ण रोखणारी जनुके बटाट्याच्या नातलगांत मिळाली आहेत आणि ती करप्याच्या जनुकांपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकली आहेत. म्हणून कोणत्या रोगावर पैदाशीचा पैसा घालायचा आणि कोणत्यावर बेण्याच्या स्वच्छतेचा, हे रोगागणिक ठरवावे लागेल.

उत्पादनाच्या आकड्याचे आकर्षण का फसवे आहे हे एका काल्पनिक हिशेबातून सांगता येईल. समजा, एक वाण रोग नसलेल्या वर्षी हेक्टरी ३० टन देतो आणि करप्याच्या वर्षी, पावसाने फवारणी साधली नाही तर, १२ टनांवर येतो, आणि दुसरा वाण चांगल्या वर्षी २६ टन, तर करप्याच्या वर्षी २२ टन देतो. दहा वर्षांपैकी तीन वर्षे करप्याची धरली, तर पहिल्याचे एकूण उत्पादन २४६ टन आणि दुसऱ्याचे २४८ टन होते. म्हणजे दोन्ही वाण जवळपास बरोबरीचे आहेत. माहितीपत्रकात मात्र ३० आणि २६ हे आकडे शेजारी छापले जातात आणि दुसरा वाण तेथेच मागे पडतो. शिवाय १२ टनांच्या वर्षी सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज थकते. दहा वर्षांची बेरीज सारखी असली तरी अल्पभूधारकाला ते एक वर्षच पुरे पडते.

यावर कोणी म्हणेल की बाजाराला प्रतिकार नको असतो, चव, आकार आणि तळल्यावर येणारा रंग हवा असतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच हे काम बाजारावर सोडता येत नाही. वेफर्सच्या कंपनीला कोरड्या पदार्थाचे जास्त आणि साखरेचे कमी प्रमाण हवे असते. फवारणीचा खर्च शेतकरी सोसतो, तर तो वाचवणाऱ्या वाणासाठी कंपनी पैसा का घालील? खासगी पैदाशीचे लक्ष आपल्या वाणाच्या मालकीकडे अधिक असते, हेही आपण पाहिले आहे. पेप्सिकोने २०१९ मध्ये गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर आपल्या नोंदणीकृत वाणावरून दावे गुदरले, टीका झाल्यावर ते मागे घेतले, आणि त्या नोंदणीवरील वाद पुढे दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. वाणाच्या मालकीचा कायदा हवा की नको हा येथे प्रश्न नाही. ज्याचा लाभ विखुरलेल्या लाखो शेतकऱ्यांना होतो, त्या गुणासाठी पैसा घालायला खासगी पैदासकाराकडे कारण नसते, इतकेच मला म्हणायचे आहे. बाजार वळवता येतो याचेही उदाहरण आहे. नेदरलँड्समध्ये करप्याने सेंद्रिय बटाट्याचे मोठे नुकसान केल्यानंतर २०१७ मध्ये उत्पादक, व्यापारी आणि मोठ्या दुकानसाखळ्यांनी प्रतिकारक वाणांकडे टप्प्याटप्प्याने वळण्याचा करार केला. तेथे शेतकऱ्यांनी पैदासकामात भाग घ्यावा ही रीतही जुनी आहे. ‘बिन्त्ये’ हा शतकभर गाजलेला वाण एका शाळामास्तरांनी तयार केला होता. गमतीचा भाग असा की तो वाण करप्याला अगदीच नाजूक आहे.

जनुकांतरित बटाट्याचा प्रश्नही याच निकषावर तपासावा असे मला वाटते. सोलॅनम बल्बोकॅस्टॅनम या जंगली बटाट्यातील करपा-प्रतिकारक जनुक ‘कुफरी ज्योती’च्या वंशात आणण्याचे काम केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने केले आहे. माझा त्याला तत्त्वतः विरोध नाही, ते जनुक बटाट्याच्याच नातलगाचे आहे. आक्षेप एकट्या जनुकाला आहे, कारण डेमिसमच्या जनुकांचे जे झाले ते याचेही होईल. युगांडात ‘व्हिक्टोरिया’ या वाणात तीन जनुके एकत्र बसवून चाचण्या झाल्या. तो मार्ग अधिक दूरदृष्टीचा आहे, आणि तीन जनुकांच्या मागे पार्श्वभूमीचा प्रतिकार असलेला वाण उभा केला तर त्याहून चांगले. एका जनुकाच्या जोरावर प्रतिकारक म्हणून वाण प्रसारित करणे आणि पाच-सात वर्षांनी तो कोसळू देणे, यात शास्त्रावरचा शेतकऱ्याचा विश्वास नाहक खर्ची पडतो.

शेवटी बेण्याविषयी, कारण उत्तम वाणही बेण्याअभावी कागदावर राहतो. बटाट्याचे बेणे वर्षाला साधारण सहा ते दहा पटच वाढते, आणि एका हेक्टरला अडीच-तीन टन लागते. म्हणून प्रतिकारक वाण पठारावर पोचायचा असेल तर त्याची वाढ प्रसारणाच्या आधीच, ऊतीसंवर्धनातून आणि हवेत मुळे वाढवून घेतलेल्या लघुकंदांपासून सुरू व्हायला हवी. हे बेणे महाराष्ट्रात वाढवण्याचा हट्ट धरू नये. पंजाबात ऑक्टोबरात लावून मावा शंभर पानांमागे वीसच्या पुढे जाण्याआधी, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत पाला कापायचा, ही बटाटा शास्त्रज्ञ पुष्करनाथ यांनी रूढ केलेली बीजपद्धती विषाणूमुक्त बेण्यासाठी आजही भरवशाची आहे. निवड सातगाव पठारावरच्या पावसात, बेणे जालंधरच्या थंडीत, आणि पहिल्या चार-पाच वर्षांच्या बेण्याची खरेदी हमी राज्याच्या बियाणे महामंडळाकडून, अशी विभागणी झाली तर पंजाबातील बेणे उत्पादकाला अनोळखी वाण लावण्याची जोखीम घ्यावी लागणार नाही. त्या वाणाच्या पिशवीवर पूर्ण फवारणीखालील उत्पादनाच्या शेजारी दोन फवारण्यांवरील उत्पादनाचा आकडाही छापावा, आणि तो कोणत्या वर्षी, कोणत्या गावच्या वावरात मोजला हेही लिहावे.